मुरवत ठेवण्याची ऐपत

अर्धा किलो डुकराचं मांस घ्यायचं. शक्यतो खांद्याचं, चरबी न काढलेलं, दोन-दोन इंचांचे तुकडे केलेलं. सहा-सात सुक्या मिरच्या, दहा-बारा लसूणपाकळ्या, बोटभर आलं, चमचाभर जिरं, अर्धा चमचा मिरे, थोडी हळद आणि सुपारीएवढा गूळ. हे सगळं तीन-चार मोठे चमचे व्हिनेगरमध्ये, म्हणजे शिरक्यात, बारीक वाटायचं. दीड चमचा मीठ घालून ते मांसाला चोळायचं आणि काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये १६० अंशांवर दीडेक तास झाकून भाजायचं आणि शेवटी झाकण काढून आच वाढवायची, म्हणजे वरची चरबी खरपूस होते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर शिजवून शेवटी निखाऱ्यावर धरायचं. मांस आतपर्यंत पूर्ण शिजलं पाहिजे, एवढं एकच पथ्य.

पुण्यात आयटीत नोकरी करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला रविवारी सहज जमावी अशी ही पाककृती आहे. यातला एकही जिन्नस आज दुर्मीळ नाही. पण भूममध्ये माझ्या आजीनं जन्मभर डुक्कर शिजवलं आणि एकदाही मुरवत ठेवलं नाही. माझ्या आईनंही नाही. आमच्या बोलीत मुरायचं ते लोणचं, नाहीतर पाऊस. मांस मुरत नसे. एकाच राज्यात, एकाच भाषेत, वसईच्या एखाद्या घरात हीच गोष्ट सणाची ओळख असते आणि आमच्या वस्तीत तिला नावही नसतं, हे असं का झालं, याचा शोध घेताना मला जे सापडलं ते इथे मांडतो आहे.

आधी आमच्याकडची पद्धत सांगतो, कारण ती फार ठिकाणी लिहिलेली नाही. आम्ही मातंग. डुक्कर वस्तीतल्याच कुणीतरी पाळलेलं असायचं आणि जत्रा, जावळ किंवा कुणाकडे पाहुणे असं काही निमित्त असलं की पडायचं. तुराट्यांच्या नाहीतर पाचटाच्या जाळावर ते फिरवून फिरवून केस जाळायचे, मग विळ्यानं खरवडायचं, पाण्यानं धुवायचं, की कातडी पिवळसर तांबूस, स्वच्छ निघते. मग वाटे पडायचे. प्रत्येक वाट्यात थोडं मांस, थोडी चरबी, थोडं काळीज, थोडं हाड, म्हणजे कुणाला तक्रारीला जागा नको. वाटा घरी आला की लगेच जर्मनच्या पातेल्यात हळद-मीठ घालून शिजत लागायचा. पहिलं आळणी पाणी पोरांना प्यायला. मग ठेचलेला लसूण, तिखट, आणि रस्सा दाट करायला येसूर. तेल लागत नसे, चरबी स्वतःच सुटायची. ज्या घरात तेलाची बाटली पावशेरानं भरली जाई, त्या घरात हे केवढं मोठं सुख होतं ते वेगळं सांगायला नको.

आजीला मी एकदा विचारलं होतं, की रात्रभर मसाला लावून ठेवलं तर? ती म्हणाली, "लोणचं हाय का ते, मुरवायला? वाटा आला की चुलीवर. पोरं ताटली घिऊन बसल्याली असत्यात."

मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांमधलं अन्न पहिल्यांदा सविस्तर कागदावर आणलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी. त्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. २०२४ मध्ये भूषण कोरगावकर यांनी केलेला इंग्रजी अनुवादही आला. पुस्तकाच्या नावातच सगळं आलं. ज्या ताटात तूप, दूध आणि तेल क्वचितच पोहोचलं, ते ताट पूर्णब्रह्म कसं म्हणायचं? मराठीत पाककृतींची पुस्तकं शंभराहून जास्त वर्षं निघताहेत. त्या सगळ्या काळात आमची चूल छापील अक्षरांच्या बाहेर राहिली.

मात्र डुकराचं मांस मराठी मुलखाच्या लिखित इतिहासात नव्हतंच, असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. उलट ते फार वरच्या ठिकाणी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इसवी सन ११३० च्या आसपासचा. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, भूमपासून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरवर. आमचा मुलूख त्या राज्याचाच भाग होता. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजानं काय काय भोगावं याचं वर्णन आहे आणि त्यातलं एक प्रकरण अन्नभोगाचं. मराठी खाद्यप्रेमी हा ग्रंथ मोठ्या अभिमानानं सांगतात, कारण त्यात मांडे आहेत, इडलीची पूर्वज मानली जाणारी इडरिका आहे आणि पुरणपोळीसारखी वेष्टिका आहे. दरवर्षी होळीला कुणीतरी लिहितंच, की पुरणपोळी नऊशे वर्षं जुनी आहे.

त्याच प्रकरणात वराह आहे. त्याचे केस काढायच्या दोन तऱ्हा दिल्या आहेत. एक, अंगावर कापड टाकून त्यावर केस मुळापासून सुटेपर्यंत कढत पाणी ओतायचं. दुसरी, गवताच्या जाळावर भाजायचं. मग स्वच्छ धुऊन निखाऱ्यावर भाजायचं आणि तुकडे करून मीठ, मिरी आणि आंबटाची जोड द्यायची. चरबीदार मांसाचे ताडाच्या पानासारखे पातळ काप करून ते मसालेदार दह्याबरोबर तयार करण्याची रीतही तिथेच आहे. मिरची अर्थातच नाही, ती अमेरिका खंडातून यायला अजून चारशे वर्षं होती. तिखटपणा मिऱ्याचा आणि आल्याचा, वास हिंगाचा.

मी हा भाग पहिल्यांदा वाचला तेव्हा गवताच्या जाळाशी थांबलो. आमच्या वस्तीतल्या माणसांनी संस्कृत वाचलं नव्हतं. तरी हाताची रीत तीच. राजाच्या मुदपाकखान्यात आणि गावकुसाबाहेर एकच कौशल्य नांदत होतं, फरक पुढच्या पायरीत होता. राजाकडे दही होतं, मिरे होते, हिंग होता आणि वेळ होता. याच प्रकरणात शेतातले उंदीर भाजण्याचीही कृती आहे. आज उंदीर खाणाऱ्या जमातींना नाकं मुरडणाऱ्या कुणालाही मानसोल्लासातली पुरणपोळी पुढे करताना उंदीर सांगावासा वाटत नाही. वारसा सांगताना आपण ताटातले पदार्थ वेचून घेतो, असा याचा अर्थ.

आता समुद्राकडे जाऊ, कारण मुरवण्याची आजची ओळखीची पद्धत तिकडून आली. 'मॅरिनेट' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला समुद्राचा शब्द आहे. सुरुवातीला त्याचा अर्थ खाऱ्या पाण्यात ठेवणं असा होता. युरोपात थंडीच्या तोंडावर डुकरं कापली जात आणि ते मांस पुढचे महिने पुरवायचं असे. मीठ, धूर आणि आंबवलेलं द्राक्षाचं पाणी, म्हणजे वाइन किंवा तिचा शिरका, ही त्यांची साधनं. पोर्तुगालमध्ये आणि मदेरा बेटावर डुकराचं मांस वाइन किंवा शिरका, लसूण आणि तमालपत्राच्या जातीची पानं यांत दोन-तीन दिवस ठेवून मग तळतात. 'कार्ने द व्हिन्या द आल्योश' हे तिचं नाव. आल्योश म्हणजे लसूण. मदेरात आजही तो नाताळचा पदार्थ आहे.

हा पदार्थ जहाजावरून जिथे जिथे गेला तिथे त्यानं नवं रूप घेतलं. १८३५ पासून मदेराचे मजूर गयानाच्या ऊसमळ्यांवर गेले, तिथे त्याचं 'गार्लिक पोर्क' झालं. १८७८ मध्ये ते हवाई बेटांवर पोहोचले, तिथेही तो गेला. आपल्याकडे तो त्याच्या किती तरी आधी आला होता. अफोंसो द आल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं. गोव्यात द्राक्षं नव्हती, पण माड होते. माडाची सूर, म्हणजे माडी, उघडी ठेवली की आधी तिच्यातल्या साखरेचं मद्य होतं आणि मग हवेतल्या जीवाणूंमुळे मद्याचं आम्ल होतं. हा झाला माडाचा शिरका. वाइनची जागा त्यानं घेतली. पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची त्यात वाटली गेली, जिरं-मिरे-दालचिनी-लवंग इथल्या बाजारात होतीच. 'व्हिन्या द आल्योश'चं 'विंदाल्यो' झालं, पुढे इंग्रजांच्या तोंडी 'विंडालू'. त्यात आलू नाही. नावातला 'आलू' हा पोर्तुगीज लसणाचा अवशेष आहे.

उत्तरेला वसई १५३४ च्या तहानं गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे आली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी जिंकेपर्यंत त्यांच्याकडे राहिली. सत्ता गेली, पण दोनशे वर्षांत मुरलेली चव राहिली. वसई, साष्टी आणि मुंबईतल्या मराठीच्या बोली बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. विंदाल्योचं त्यांच्याकडे झालं 'इंद्याल'. एप्रिल-मेच्या उन्हात मसाले वाळवून, कुटून ते बिअरच्या रंगीत बाटल्यांत दाबून भरण्याची त्यांची 'बाटली मसाल्या'ची रीत प्रसिद्ध आहे. लग्नात आणि नाताळात डुकराचं मांस हा त्यांच्याकडे मानाचा पदार्थ.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. डुकराबद्दलची किळस नेहमी एकाच कारणानं समजावली जाते, की ते घाण खातं. त्यात आरोग्याचा खरा प्रश्न आहे. माणसाच्या विष्ठेतून पट्टकृमीची अंडी डुकराच्या पोटात जातात, मांसात गाठी होतात आणि ते मांस कच्चं राहिलं तर तो कृमी पुन्हा माणसात येतो. म्हणूनच मघाचं पथ्य. शिरक्यानं ही गोष्ट टळत नाही, आचेनंच टळते. पण गोव्याच्या खेड्यांतही विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत घरामागे डुकरांवर चालणारे संडास होते. तिथलं डुक्करही तेच खात होतं. तरी गोव्यात ते लग्नाच्या पंगतीत बसलं आणि भूममध्ये ते वस्तीच्या बाहेर आलं नाही. डुक्कर दोन्हीकडे सारखंच होतं. त्याची पायरी ठरली ती ते कुणाच्या ताटात आहे यावरून. आमच्याकडे शिकारीचं रानडुक्कर मातब्बरांच्या घरी मिशीला पीळ देत खाल्लं जाई आणि गावडुक्कर खाणाऱ्याला मात्र पाण्यापाशी लांब उभं केलं जाई, यावरूनही तेच दिसतं.

एवढ्यावर थांबलो असतो तर सगळं उत्तर जातीत सापडलं असतं. पण माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं असल्यामुळे मला पद्धतीचंही कारण हवं होतं. ते हवेत सापडलं.

मांस नासतं ते जीवाणूंमुळे, आणि जीवाणूंना रोखायचे जुने मार्ग मोजकेच आहेत. पाणी काढून घ्या, मीठ वाढवा, आम्ल वाढवा, धूर द्या. यातला कोणता निवडायचा हे बऱ्याच अंशी आभाळ ठरवतं. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा बाराही महिने ओलसर. तिथे मांस नुसतं वाळत घातलं तर वाळायच्या आधी बुरसेल. म्हणून आम्ल. गोव्याची चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाची माळ, हीसुद्धा मीठ, शिरका आणि मिरचीत मुरवून, पावसाळ्याआधीच्या उन्हात सुकवून ठेवतात. शिरक्यामुळे मांसाचा सामू ४.६ च्या खाली गेला की बोट्युलिझमसारखी विषबाधा करणाऱ्या जीवाणूंची वाढ थांबते. त्या लोकांना सामू माहीत नव्हता, पण किती आंबट पुरे हे जिभेला माहीत होतं.

भूम बालाघाटच्या पठारावर आहे, पर्जन्यछायेत. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे, हवा कोरडी. माड नाहीत, शिरका नाही. इथे पाणी काढून घेणं हाच सोपा मार्ग. म्हणून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात गोमांसाच्या लांब पट्ट्या कापून, दोरीवर वाळवून 'चान्या' केल्या जात. त्या मडक्यात भरून ठेवल्या की पावसाळ्यात, हाताला काम नसताना, उपयोगी पडत. आणि आमच्या तालुक्याचं नाव ज्यासाठी सगळीकडे घेतलं जातं तो खवा? कुंथलगिरीचे पेढे ज्याचे होतात तो? भट्टीवर दूध आटवून, पाणी काढून टाकून ते टिकाऊ करणं, म्हणजे तीच पठाराची युक्ती. एका युक्तीला बाजारपेठ मिळाली, दुसरी लपवून खायची गोष्ट झाली. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं आणि पुढे अनेक घरांनी चान्या स्वाभिमानानं सोडल्या. उरलेल्यांसाठी २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा आला, पाटोळेंचं पुस्तक आलं त्याच वर्षी.

डुकराचा पेच मात्र वेगळा. चान्या होतात त्या बिनचरबीच्या मांसाच्या. डुकराच्या मांसात चरबीचे थर असतात, आणि चरबी उन्हात वाळत नाही. ती हवेतल्या प्राणवायूनं खवट होते. म्हणजे पठारावर जी एक युक्ती उपलब्ध होती ती डुकराला चालत नव्हती, आणि जी चालली असती तिला लागणारा शिरका पठारावर नव्हता. आंबट म्हणून चिंच होती, पण नुसत्या चिंचेच्या कोळात मांस दिवसेंदिवस टिकत नाही. दही पुरेसं असेल अशी घरं ती नव्हती. शिवाय भांडं जर्मनचं. ॲल्युमिनिअमच्या भांड्यात आंबट रात्रभर ठेवलं तर चव बिघडते. वसई-गोव्याकडे त्यासाठी मातीची भांडी होती. सगळे रस्ते एकाच ठिकाणी येत होते. वाटा आला की चुलीवर.

मुरवल्यानं मांसाचं नेमकं होतं काय, हेही सांगायला हवं, कारण त्याबद्दल फार मोठमोठे दावे केले जातात. शिरका आणि मसाला रात्रभरात काही मिलिमीटरच आत जातो. खोलवर जातं ते मीठ. त्यामुळे मांस शिजताना पाणी धरून ठेवतं आणि कोरडं पडत नाही. आम्ल वरच्या थरातली प्रथिनं सैल करतं. पण फार वेळ ठेवलं तर तोच थर पिठूळ होतो. आज फ्रिज असताना टिकवण्यासाठी मुरवायची गरज उरलेली नाही. जी गोष्ट मांस वाचवायला सुरू झाली ती आता चवीसाठी केली जाते. माझ्या मघाच्या पाककृतीत तीन-चार चमचेच शिरका आहे तो यासाठी. गोव्याच्या जुन्या घरात बरणी भरून ठेवायची असती तर तो कितीतरी जास्त लागला असता.

आणि शिरका आता भूममध्येही आला आहे. तो ना पोर्तुगीजांनी आणला ना संस्कृत ग्रंथानं. तो आणला चायनीजच्या गाड्यांनी. नूडल्सच्या कढईशेजारी पांढऱ्या व्हिनेगरची बाटली दिसायला लागली आणि मग ती किराणा दुकानांत आली. वस्तीत बहुतेक घरांत फ्रिज आहेत. आमच्या गल्लीतली अठरा-वीस वर्षांची पोरं मोबाइलवर बघून डुकराच्या तुकड्यांना व्हिनेगर, आलं-लसूण आणि बाजारचा तंदुरी मसाला लावून ठेवतात आणि शेतात शेगडी पेटवतात. ते त्याला मॅरिनेट म्हणतात. कुणाच्या परवानगीनं म्हणत नाहीत, याचा मला आनंद आहे.

मागच्या दिवाळीला मीही घरी हेच केलं. माझ्या चुलतीनं दोन तुकडे खाल्ले, चव चांगली आहे म्हणाली, आणि मग विचारलं, "पर भाकर कशात कुस्करायची?" अर्धा किलो मांस भाजलं तर तीन-चार माणसांचं होतं. त्याच अर्ध्या किलोचा रस्सा केला, येसूर घातला, तर दहा माणसं भाकरी कुस्करून पोटभर जेवतात. आजीनं मांस मुरवत का ठेवलं नाही याची हवामानाची, भांड्याची, शिरक्याची कारणं मी इतका वेळ देतो आहे. चुलतीनं दिलेलं कारण त्या सगळ्यांच्या आधीचं होतं. ताटं किती आणि वाटा केवढा, हा हिशेब आधी होत असे. कृती त्यातून निघत असे.

तो हिशेब आता मी लिहून घेतो आहे. चुलती, आई आणि वस्तीतल्या आणखी दोघी-तिघी सांगतात, मी वजनकाट्यावर मोजतो. मूठभर येसूर म्हणजे किती ग्रॅम, चरबी किती सुटते, आळणीला पाणी किती. त्या हसतात. मुठीचं माप वजनात आणायला काय लागतं, असं त्यांना वाटतं. पण प्रत्येकीची मूठ वेगळी निघते, आणि प्रत्येकीचा रस्सा मात्र दहा जणांना पुरतो.